पेशी बनवता येतात, टिकवायच्या कशा?

जून 2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका चाचणीचे निकाल छापून आले. टाइप 1 मधुमेह असलेल्या 12 जणांना मूलपेशींपासून (म्हणजे हव्या त्या पेशीचं रूप घेऊ शकणाऱ्या पेशींपासून) प्रयोगशाळेत तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पूर्ण मात्रेत दिल्या होत्या. वर्षभरानंतर त्यांतल्या 10 जणांना बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. झिमिस्लेसेल हे त्या उपचाराचं नाव. बहुतेक बातम्या इथेच थांबल्या. अहवालात मात्र पुढेही काही होतं. या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं चालू होती, आणि चाचणीदरम्यान दगावलेल्या दोघांपैकी एकाचा मृत्यू क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वरानं झाला. धडधाकट माणसाच्या वाटेला ही बुरशी सहसा जात नाही. प्रतिकारशक्ती दबलेली असली की मात्र गाठते.

मूलपेशींच्या उपचाराचं घोडं नेमकं इथे अडलं आहे. 1998 मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचापेशींत 4 जनुकं घालून त्यांना मूलपेशींसारखं बनवलं आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतही ते करून दाखवलं. या आयपीएस पेशी. आज त्यांच्यापासून हृदयाचा स्नायू, डोळ्याच्या पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर, पार्किन्सन्समध्ये मरणाऱ्या डोपामिनच्या चेतापेशी, इन्सुलिनच्या बीटा पेशी असं बरंच काही बनवता येतं. प्रश्न बनवण्याचा फारसा उरलेला नाही. बनवलेलं शरीरात घातल्यावर शरीर ते ठेवून घेईल का, हा आहे. त्यावर उपाय बरेच निघालेत, पण फुकटचा एकही नाही. रिजेक्शन, म्हणजे शरीरानं परक्या पेशी नाकारणं, टाळण्याची किंमत कुठे ना कुठे मोजावीच लागते. औषधांनी, वेळेनं, पैशानं, नाहीतर सुरक्षिततेनं.

आधी शरीर परकी पेशी ओळखतं कसं, ते पाहू. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने सतत बाहेर मांडत असते. आत बनलेल्या प्रथिनांचे छोटे तुकडे, साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचे, एका खास रेणूत बसवून पेशीच्या पृष्ठभागावर ठेवले जातात, जणू दारात ठेवलेलं नमुन्यांचं ताट. हे ताट म्हणजे एचएलए रेणू. टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या फिरत्या पहारेकरी पेशी, येता-जाता त्यावर नजर टाकतात. ताटात रोजचेच तुकडे असतील तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला तर ती पेशी मारतात.

घोळ असा की ताटाची घडणच माणसागणिक बदलते. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत, आणि माणसाच्या जनुकांत इतकी विविधता दुसरीकडे क्वचितच सापडते. त्यांची हजारो रूपं आजवर नोंदली गेली आहेत. सख्ख्या भावंडांतही दोघांचा संच पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण 4 मध्ये 1. दुसऱ्याच्या पेशीवरचं अनोळखी ताट पाहिलं की टी पेशी खवळतात, आणि त्या किती असाव्यात? एखाद्या नव्या विषाणूला ओळखणारी टी पेशी लाखात एखादी असते. परक्या एचएलएवर मात्र शंभरातल्या 1 ते 10 टी पेशी प्रतिसाद देतात. रिजेक्शन इतकं जोरदार का असतं, याचं उत्तर या आकड्यात आहे.

शिवाय शरीर हे लक्षात ठेवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार ग्लासगोत एका भाजलेल्या स्त्रीवर केलेल्या त्वचारोपणाचं निरीक्षण करत होते. तिला तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले होते. काही दिवसांनी त्याच भावाच्या त्वचेचे आणखी तुकडे लावले, तर दुसरी खेप पहिलीपेक्षा लवकर गळून पडली. नुसतीच त्वचा रुजत नसती तर दोन्ही खेपांना सारखाच वेळ लागला असता. दुसऱ्या खेपेला घाई झाली, म्हणजे शरीर शिकलं होतं. रिजेक्शन हे प्रतिकारयंत्रणेचं काम आहे, हे त्यानंतर मेडावार यांनी सशांवरच्या प्रयोगांतून पक्कं केलं आणि 1960 मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. एकदा फसलेलं प्रत्यारोपण पुढच्याचीही वाट बिकट करून ठेवतं, हे आजही डॉक्टरांच्या डोक्यात असतं.

मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींना एका बाबतीत थोडी सवलत आहे. अखंड मूत्रपिंड बसवलं तर त्याबरोबर दात्याच्या रोगप्रतिकारक पेशीही प्रवासी म्हणून येतात, आणि रुग्णाच्या टी पेशींना भडकवण्यात त्यांचा मोठा हात असतो. प्रयोगशाळेत बनवलेल्या शुद्ध बीटा पेशींत किंवा चेतापेशींत असे प्रवासी नसतात. पण सवलत तेवढीच. मेलेल्या परक्या पेशींचे अवशेष रुग्णाच्याच पेशी गिळतात आणि स्वतःच्या ताटात मांडून दाखवतात. हा आडमार्ग सावकाश चालतो, पण वर्षानुवर्षं चालू राहतो.

सगळ्यात जुना उपाय औषधांचा. सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत 1983 मध्ये मान्यता मिळाली आणि अवयव प्रत्यारोपणाचं चित्र पालटलं. त्यानंतर टॅक्रोलिमस आलं. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. दोन्ही औषधं टी पेशींना कामाला लागण्याचा संदेश मिळू देत नाहीत. मात्र सरसकट सगळ्याच टी पेशींना, विषाणूशी आणि कर्करोगाशी लढणाऱ्यांनासुद्धा. त्यामुळे संसर्ग वाढतात, त्वचेच्या आणि लसिकापेशींच्या कर्करोगाचा धोका वाढतो, मूत्रपिंडं हळूहळू झिजतात. मधुमेहाच्या बाबतीत तर विचित्रच प्रकार आहे: टॅक्रोलिमस खुद्द बीटा पेशींनाच घातक ठरतं. ज्या पेशी वाचवायला औषध द्यायचं, त्यांनाच ते त्रास देतं. यकृत किंवा हृदय निकामी झालेल्या माणसाला हा सौदा परवडतो, कारण त्याच्यापुढे दुसरा पर्याय मरणाचा असतो. इन्सुलिन घेऊन चाळीस वर्षं जगू शकणाऱ्या माणसाला तो परवडेलच असं नाही.

मग सहज सुचणारा मार्ग म्हणजे रुग्णाच्याच पेशी घ्यायच्या. आयपीएस तंत्राचं मूळ आकर्षण तेच होतं. रुग्णाची त्वचा किंवा रक्त घ्यायचं, त्यापासून मूलपेशी, मूलपेशींपासून हव्या त्या पेशी; ताट त्याचंच, मग भांडण कसलं? 2014 मध्ये जपानमध्ये कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या चमूनं हे पहिल्यांदा माणसात केलं. सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून वाढवलेल्या थराचा छोटा पापुद्रा बसवला. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली नाहीत, आणि पापुद्रा टिकला. दुसऱ्या रुग्णाची वेळ आली तेव्हा त्याच्या आयपीएस पेशींत काही जनुकीय बदल आढळले, आणि चमूनं थांबायचं ठरवलं.

या अडचणीवर वरवरचा इलाज नाही. प्रत्येक रुग्णासाठी पेशींचा नवा साठा म्हणजे प्रत्येक वेळी महिनोन् महिने वाढवणं, तपासणं, जनुकीय चाचण्या करणं, आणि दर वेळी काही बिघडण्याची नव्यानं शक्यता. खर्चाचं तर विचारूच नका. कोबेच्या चमूनं 2017 मध्ये दात्याच्या, पण एचएलए जुळणाऱ्या पेशी वापरायला सुरुवात केली, त्यामागे हाच हिशेब होता.

टाइप 1 मधुमेहात तर ‘स्वतःच्या पेशी’ हा युक्तिवाद मुळातच लंगडा पडतो. हा आजार होतो तोच शरीराच्या टी पेशींनी स्वतःच्या बीटा पेशी मारल्यामुळे. नव्या बीटा पेशी कितीही स्वतःच्या असल्या तरी जुना वैरी जागाच असतो. 2024 मध्ये चीनमधल्या त्यान्जिन इथल्या 25 वर्षांच्या एका स्त्रीबद्दल ‘सेल’ या नियतकालिकात निबंध आला. तिच्याच पेशींवर रसायनांची प्रक्रिया करून मूलपेशी बनवल्या, त्यांच्यापासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके वाढवले आणि ते पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाखाली ठेवले. अडीच महिन्यांत तिचं इन्सुलिन सुटलं. मोठीच गोष्ट, यात वाद नाही. पण तिचं आधी यकृत प्रत्यारोपण झालेलं होतं आणि त्यासाठीची औषधं चालूच होती. त्यामुळे औषधांशिवाय तिच्या पेशी जुन्या हल्ल्यातून वाचल्या असत्या का, हे या एका उदाहरणावरून सांगता येत नाही. ‘तुमच्याच पेशी, म्हणजे रिजेक्शनचा प्रश्नच नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर हे आठवावं.

स्वतःच्या आणि परक्या यांच्या मधला एक रस्ता आहे: पेशींची पेढी. एचएलएचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. क्वचित एखाद्याला दोघांकडून एकसारखाच संच मिळतो. अशा माणसाच्या पेशींवर एकाच तऱ्हेची ताटं असतात, म्हणून तो संच निम्मा का होईना ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांना त्या चालतात. क्योटो विद्यापीठानं असे दाते शोधून आयपीएस पेशींचा साठा केला. मोजक्याच दात्यांच्या या साठ्यात जपानमधल्या साधारण 40 टक्के लोकांशी जुळतील अशा पेशी आहेत. उरलेल्या 60 टक्क्यांसाठी किती दाते लागतील? इथे गणित फिरतं. पहिले संच सर्वात जास्त आढळणारे असतात, त्यामुळे सुरुवातीला आकडा झपाट्यानं चढतो आणि पुढे प्रत्येक नव्या दात्यामागे इंचाइंचानं सरकतो. जपानी लोकसंख्या जनुकीयदृष्ट्या त्यातल्या त्यात एकजिनसी आहे. मिश्र, जुन्या आणि वैविध्यपूर्ण लोकसमूहांत हे काम कैक पटींनी अवघड होतं. आणि एचएलए जुळलं तरी बाकीच्या प्रथिनांतले बारीक फरक उरतातच, म्हणून औषधं बहुधा कमी होतात, बंद होत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या क्योटोच्या पार्किन्सन्सच्या चाचणीतही रुग्णांना टॅक्रोलिमस दिलंच होतं, आणि तेही मेंदूत, जिथे प्रतिकारयंत्रणेची ये-जा मुळातच कमी.

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त चर्चा आहे ती वेगळ्याच विचाराची. जुळणारं ताट शोधत बसण्यापेक्षा ताटच काढून टाकलं तर? जनुकांत काटछाट करणारी क्रिस्परसारखी तंत्रं हाताशी आल्यावर हे शक्य झालं, आणि सुदैवानं पेशीची रचनाही साथ देते. एचएलएचे दोन मुख्य वर्ग. पहिल्या वर्गातला प्रत्येक रेणू पृष्ठभागावर टिकायला बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन नावाच्या एका छोट्या प्रथिनाचा आधार घेतो. त्या एका प्रथिनाचं जनुक बंद केलं की पहिला वर्ग अख्खा नाहीसा. दुसऱ्या वर्गाची सगळी जनुकं सीआयआयटीए नावाच्या एका नियंत्रकाच्या हुकमावर चालतात. तो बंद केला की दुसराही वर्ग गेला. हजारो रूपांचा गुंता दोन कापांत मिटतो. टी पेशींना आता पाहायला काहीच नाही.

पण शरीर इतकं भोळं नाही. ताटच न मांडणारी पेशी हीसुद्धा संशयास्पदच असते, कारण कित्येक विषाणू आणि कर्करोगाच्या पेशी नेमकी हीच चलाखी करतात. त्यांच्यासाठी शरीरानं एनके पेशी ठेवल्या आहेत. टी पेशी परकं काही दिसलं की मारतात. एनके पेशी ओळखीचं काही दिसलं नाही की मारतात. स्वीडनमध्ये क्लास कारे यांनी 1980च्या दशकात ही गोष्ट मांडली. म्हणजे टी पेशींपासून वाचवायला एचएलए काढायचं, तर एनके पेशींच्या तोंडी द्यायचं. आगीतून फुफाट्यात.

यावर वेगवेगळ्या चमूंची वेगवेगळी उत्तरं आहेत. कुणी एचएलए-ई हा माणसामाणसांत फारसा न बदलणारा रेणू परत बसवतं. तो एनके पेशींना शांत करतो. क्योटोच्या आकित्सु होत्ता यांच्या गटानं 2019 मध्ये पहिल्या वर्गातले एचएलए-ए आणि बी काढले आणि एचएलए-सीचं एक रूप तेवढं ठेवलं. एनके पेशींचं समाधान करायला ते पुरतं, आणि सीची रूपं तुलनेनं कमी आहेत. दुसरा वर्गही बंद केला, तर अशा 12 प्रकारच्या पेशींत जगातल्या 90 टक्क्यांहून जास्त लोकांची सोय होईल असा त्यांचा हिशेब आहे. मला हा मार्ग सगळ्यात समंजस वाटतो, कारण पेशी पूर्ण आंधळी होत नाही. आत विषाणू शिरला तर त्याचा नमुना दाखवायला एक तरी ताट उरतं.

तिसरं उत्तर तोबियास डॉयझ आणि सोन्या श्रेफर यांचं, तेही 2019चं. दोन्ही वर्ग बंद करायचे आणि वर सीडी47 नावाचं प्रथिन भरपूर प्रमाणात बनवायला लावायचं. भक्षक पेशींना ‘मला खाऊ नका’ असं सांगणारा हा संकेत आहे. या तीन बदलांची माणसातली पहिली परीक्षा स्वीडनमधल्या उप्सालात झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये तिचा निकाल आला. पेशी मूलपेशींपासून बनवलेल्या नव्हत्या, मृत दात्याच्या स्वादुपिंडातल्या होत्या; पण बदल तेच. टाइप 1 मधुमेह असलेल्या 42 वर्षांच्या एका माणसाच्या हाताच्या पुढच्या भागातल्या स्नायूत 17 ठिकाणी त्या टोचल्या. मात्रा मुद्दामच कमी ठेवली होती, त्यामुळे त्याचं इन्सुलिन चालूच राहिलं. प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध दिलं नाही. 12 आठवड्यांनीही त्या पेशी जिवंत होत्या आणि साखरेला प्रतिसाद देऊन इन्सुलिन सोडत होत्या.

या प्रयोगातली माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र कमी सांगितली गेली. जनुकबदल कधीच शंभर टक्के पेशींत होत नाही. टोचलेल्या मिश्रणात काही पेशींत तिन्ही बदल झालेले होते, काहींत एचएलए गेलं होतं पण सीडी47 वाढलं नव्हतं, काहींत काहीच बदललं नव्हतं. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच हातात तीन प्रयोग शेजारी शेजारी चालू होते. काहीही न बदललेल्या पेशींवर टी पेशी आणि अँटिबॉडी तुटून पडल्या. एचएलए नसलेल्या पण सीडी47 न वाढलेल्या पेशींवर एनके आणि भक्षक पेशींनी हल्ला केला. तिन्ही बदल झालेल्या पेशी वाचल्या. प्रतिकारयंत्रणेच्या एकामागच्या एक पायऱ्या इतक्या स्वच्छ दिसण्याची संधी वरचेवर येत नाही.

आता या उपायाची किंमत. जी पेशी शरीराला दिसत नाही, ती बिघडल्यावरही दिसत नाही. विषाणूनं तिच्यात ठाण मांडलं तर टी पेशींना पत्ता लागणार नाही. मूलपेशींपासून बनवलेल्या साठ्यात एखादी अर्धवट राहिलेली मूलपेशी शिरली तर तिची गाठ होऊ शकते, आणि अदृश्य पेशीची गाठ ही साध्या गाठीपेक्षा वाईट. जनुकं कापताना नको तिथे काप बसण्याची भीती आहे ती वेगळीच. म्हणून अशा पेशींत आत्मघाताचं जनुक आधीच बसवून ठेवायचा विचार चालतो: ठरावीक औषध दिलं की ते जागं होतं आणि पेशी स्वतःला संपवते. प्राण्यांत हे चालतं. पण लाखो पेशींपैकी एखादीनं ते जनुकच गमावलं असेल, तर औषधाचा उपयोग नेमका तिच्यावरच होणार नाही.

पेशी डबीत बंद करून ठेवण्याची कल्पनाही बरीच वर्षं चालली आहे. इन्सुलिन आणि साखर आरपार जाईल, टी पेशी जाणार नाहीत, अशी पातळ पडद्याची डबी त्वचेखाली ठेवायची. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात शरीर डबीभोवतीच जाड कोष विणतं आणि आतल्या पेशी प्राणवायूविना गुदमरतात. 2014 मध्ये माणसांत सुरू झालेला एक प्रयत्न असाच फसला. झिमिस्लेसेलच्याच पेशी डबीत घालून केलेली चाचणी मार्च 2025 मध्ये अपेक्षित परिणाम न दिसल्यानं गुंडाळण्यात आली.

आणि प्रतिकारयंत्रणेची समजूत घालण्याचा मार्ग? पेशी लपवायची नाही, शरीरालाच ती आपली मानायला शिकवायचं. हे अशक्य नाही, हेही मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये दाखवलं होतं. जन्माआधीच परक्या पेशी टोचलेल्या उंदरांनी मोठेपणी त्याच दात्याची त्वचा स्वीकारली. मोठ्या माणसात हे घडवायला नियामक टी पेशी, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या पेशी, वापरून पाहिल्या जात आहेत. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना 2025चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तत्त्व म्हणून मला हे सगळ्यात सुंदर वाटतं. उपचार म्हणून ते अजून सर्वात मागे आहे.

तोवर हे उपचार आधी कुणाला द्यायचे? झिमिस्लेसेलच्या चाचणीत घेतलेल्या लोकांची साखर अचानक इतकी खाली जायची की शुद्ध हरपायची, आणि ती उतरतेय हे त्यांना आधी कळायचंही नाही. त्यांच्यासाठी रोजचं इन्सुलिनही जिवावरचंच होतं, म्हणून औषधांचा धोका पत्करण्यात अर्थ होता. दुसरा गट मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण होऊन गेलेल्या मधुमेहींचा. ही औषधं त्यांना तशीही जन्मभर घ्यायचीच असतात, त्यामुळे नव्या पेशींसाठी वेगळी किंमत फारशी पडत नाही. त्यान्जिनची ती तरुणी याच गटातली. मधुमेह आटोक्यात असलेल्या, एरवी ठणठणीत तरुण माणसानं मात्र औषधांशिवाय टिकणाऱ्या पेशी येईपर्यंत थांबावं, आणि उप्सालाच्या त्या हातातल्या पेशी 12 आठवड्यांनंतर किती वर्षं टिकतात, ते बघावं.